करुंपारैची वाट

ऑक्टोबरातल्या एका रविवारी पहाटे पावणेपाचला देवेशचा मेसेज आला. "अण्णा, मुनुसामी ताताचा फोन आला होता. पाणी चांगलं आहे म्हणतात. येताय ना?"

गुरुराज जागाच होता. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून तो वारा बघत होता. समोरच्या गच्चीवर राहून गेलेली लुंगी पूर्वेकडे फडफडत होती. म्हणजे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता, आणि अशा वाऱ्यात लाटा विस्कटत नाहीत, सरळ उभ्या राहतात. आज फोन येणार हे त्याने रात्रीच ओळखलं होतं. म्हणून तर तो हातात मोबाइल धरून उभा होता. फोन आला होता, पण दुसऱ्याला.

अठरा वर्षं हा फोन त्याला येत होता. मुनुसामी ताता, म्हणजे आजोबा, हा कोवळमच्या पुढच्या एका छोट्या कुप्पमातला, किनाऱ्यावरच्या कोळीवस्तीतला, म्हातारा मच्छीमार. तो फार बोलत नसे. "वा," एवढंच म्हणायचा. ये. मग गुरुराज अंधारात गाडी काढायचा आणि ईसीआरने, किनाऱ्याच्या हमरस्त्याने, तासाभरात तिथे पोचायचा.

तिथे म्हणजे करुंपारैला. करुंपारै म्हणजे काळा खडक. किनाऱ्यापासून पाण्यात शंभर-सव्वाशे पावलं घुसलेली ही दगडी जीभ नवशिक्यांची जागा नाही. सर्फिंग शिकायला येणारी मुलं कोवळमला वाळूवर शिकतात. करुंपारैला ती फक्त बघायला येतात, तीही लांबून. नोव्हेंबरच्या आगेमागे उपसागरात कमी दाबाचा पट्टा बसला की ईशान्येकडून मोठ्या लाटा येतात, खडकाच्या टोकावर उठतात आणि दक्षिणेकडे फुटत जातात. पण त्या दिवसांत वाराही बहुतेक ईशान्येचाच असतो आणि तो त्या लाटांचा चिखल करून टाकतो. लाटा मोठ्या, वारा जमिनीचा आणि पाणी भरतीचं, असं तिन्ही जुळून येणाऱ्या सकाळी वर्षाला सहा, फार तर सात. पाण्यात उतरायचं ते खडकाच्या टोकावरून, मोठी लाट मागे सरली की तिच्या पाठीवर उडी मारून. बाहेर यायचं ते खडकाच्या मधल्या खाचेतून. मुनुसामी त्या खाचेला वाट म्हणे. तिथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नसे, आणि माणूस बोर्डवर पालथा पडून सरळ वाळूपर्यंत येई.

हे सगळं गुरुराज मुनुसामीकडून शिकला होता. तो टी. नगरमधल्या एका शाळेत गणित शिकवायचा. वय सेहेचाळीस. डब्यात दहीभात नेणारा हा चष्मेवाला माणूस नोव्हेंबरात शाळेत पोचण्याआधी लाटांवर उभा राहून आलेला असतो, हे त्याच्या बरोबरच्या शिक्षकांना ठाऊक नव्हतं. त्यांना ते ठाऊक व्हायला त्याला नकोच होतं. पूर्ण चेन्नईत करुंपारैवर जाणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतही ज्याला म्हातारा स्वतःहून बोलावतो असा तो एकटा. ही गोष्ट त्याने मनात जपून ठेवली होती.

देवेशला करुंपारैवर नेलं तेही त्यानेच.

देवेश मूळचा वेंगुर्ल्याचा, सत्तावीस वर्षांचा, श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी कोवळमच्या वाळूवर गुरुराज बायकोशी फोनवर बोलत होता, तेव्हा मागून आवाज आला, "तुम्ही मराठी?" गुरुराजचं घराणं तंजावरचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. घरची मराठी जुनी, तमिळ हेलाची. ती ओळखणारं माणूस समुद्रावर भेटेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याच दिवशी तो देवेशला घरी जेवायला घेऊन गेला.

"इतका बारीक कां रे?" विद्यालक्ष्मीने, त्याच्या बायकोने, देवेशला विचारलं. "मेसांत काय वाढतात कीं काय ठाऊक. दर आइतवारीं इथेंच येत जा."

"अक्का, तुमचं बोलणं ऐकलं की माझी पणजी असती तर अशीच बोलली असती असं वाटतं," देवेश म्हणाला, आणि विद्यालक्ष्मी इतकी हसली की तिला वाटी खाली ठेवावी लागली. त्या दोघांना मूल नव्हतं. गुरुराजने त्याला दोन गल्ल्या सोडून खोली बघून दिली. कंपनीची बस कोपऱ्यावरच थांबायची.

लाटेवर उभं राहणं देवेश लहानपणीच शिकला होता, पण करुंपारैसारखी जागा त्याने पाहिली नव्हती. गुरुराजने त्याला सगळं दाखवलं. उडी कुठून मारायची, पाणी कुठे ओढतं, टोकाच्या पलीकडे का जायचं नाही. पलीकडे खडकाचा एक सुळका होता. त्याच्या मागून उठणारी लाट सर्वांत लांब आणि सर्वांत सुंदर. पण ती पकडायची तर सुळक्याला खेटून पहिलं वळण घ्यावं लागे. गुरुराजने अठरा वर्षांत ती लाट कधी घेतली नव्हती. तो म्हणायचा, ती घ्यायची लाट नव्हेच.

देवेशने ती पाचव्या खेपेला घेतली. सुळक्याच्या मागे जाऊन बसला, दोन लाटा सोडल्या, तिसरीला वळला आणि खडकाला खेटून असा खाली उतरला की गुरुराजला वाटलं, संपला. मग तो पाण्याच्या भिंतीतून बाहेर आला, गुडघे किंचित वाकवलेले, एक हात लाटेला लावलेला, जणू बसची वाट बघत उभा आहे. लाट संपेपर्यंत तो तसाच होता.

किनाऱ्यावर मुनुसामी बसला होता. मोतीबिंदूने त्याची नजर जवळजवळ गेली होती, उजेड तेवढा कळायचा. पण शेजारच्या पोरांनी ओरडून सांगितलं आणि त्याने ऐकलं. गुरुराज बाहेर आल्यावर तो तमिळमध्ये म्हणाला, "तू चांगला पोरगा आणलास. ह्याला पाणी ओळखतं."

गुरुराज हसला. घरी येताना गाडीत देवेश बडबडत होता, आणि गुरुराजच्या छातीत काहीतरी बारीक टोचत होतं. त्याला पाणी ओळखतं. अठरा वर्षांत म्हाताऱ्याने हे वाक्य आपल्याबद्दल उच्चारलं नव्हतं.

त्यानंतर आला तो ऑक्टोबरातला मेसेज. गुरुराज गेला नाही. "अंग दुखतंय" असं त्याने कळवलं. दिवसभर तो घरात उगाच फिरत राहिला. दुपारी देवेश जेवायला आला, केस अजून खारट, नाकावर ऊन लागलेलं.

"अण्णा, आज तुम्ही हवे होतात."

"तुला बोलावलें होतें, मला नव्हे," गुरुराज म्हणाला. देवेशला तो विनोद वाटला. विद्यालक्ष्मीला वाटला नाही. तिने नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि रस्सम वाढलं.

नंतरचे दिवस गुरुराजने असे घालवले की आठवले तरी त्याला पुढे लाज वाटे. देवेशने टाकलेले व्हिडिओ तो परत परत बघायचा आणि त्यात चूक शोधायचा. मागचा पाय फार मागे आहे. हात उगाच लावतो. कोणी देवेशचं कौतुक केलं की तो म्हणायचा, "वय आहे त्याचं." दर रविवारी विद्यालक्ष्मी देवेशसाठी वेगळं काही करायची. तेही त्याला खुपायला लागलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक वादळ किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेलं. मंगळवारी शाळेला पावसाची सुट्टी होती. दुपारी आभाळ उघडलं तेव्हा गुरुराज एकटाच निघाला. मुनुसामीला विचारायचं, की मला का फोन करत नाहीस, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. पण कुप्पमात पोचल्यावर हे शब्द तोंडातून निघणार नाहीत हे त्याला कळलं. तो परस्पर खडकावर गेला.

ओहोटी होती. खडकाचा सगळा काळा पाठीचा कणा उघडा पडला होता. आणि वाट बुजली होती. वादळाने उत्तरेची वाळू आणून खाचेत ओतली होती, शिवाय आत दोन दगड लोळून आले होते. जिथे डोक्यावर पाणी असायचं तिथे जेमतेम गुडघाभर होतं. आता मोठ्या दिवशी लाट थेट खाचेतच फुटणार आणि आत असलेल्याला दगडांवर आपटणार. बाहेर यायचं तर दक्षिणेला, सुरूच्या बनापर्यंत वाहत जाऊन मगच वळायचं. भरतीच्या फेसात वरून हे काहीच दिसणार नव्हतं.

हे कोणाला तरी सांगायला हवं, असा विचार त्याच्या मनात आलाही. सांगू, असं म्हणून तो घरी परतला.

शनिवारी पहाटे पुन्हा देवेशचा मेसेज आला. ताताने बोलावलंय. लाटा मोठ्या आहेत, वारा जमिनीचा आहे. ह्या वेळी गुरुराज गेला. गाडीत देवेश वेंगुर्ल्याच्या आईबद्दल बोलत होता.

"आईला सांगितलंय, इथे मला दुसरं घर आहे म्हणून. तुम्ही भेटला नसता ना अण्णा, तर मी सगळे शनिवार-रविवार झोपून काढले असते."

"हं," गुरुराज म्हणाला. सांगायचं ते ओठांवर होतं. टोलनाका गेला, केळंबाक्कमचा फाटा गेला. पोचल्यावर सांगू.

पोचल्यावर आवाज आधी आला. लाटा खडकावर पडत होत्या आणि पायाखालची वाळू हादरत होती. एवढ्या मोठ्या लाटा त्याने तिथे दोनदाच पाहिल्या होत्या. मुनुसामीच्या ओसरीतून देवेशने बोर्ड घेतला, पायाला दोरी बांधली आणि पाण्याकडे बघत विचारलं, "अण्णा, वाट तशीच आहे ना? वादळानंतर मी इकडे आलोच नाही."

गुरुराजने पाण्याकडे पाहिलं.

"आहे तशीच," तो म्हणाला.

"तुम्ही?"

"खांदा धरलाय. मी इथूनच बघतों."

देवेश खडकावरून धावत गेला आणि उडी मारली. पुढचा पाऊण तास गुरुराज वाळूवर उभा होता. देवेशने सुळक्यामागच्या चार लाटा घेतल्या. तिसरी तर अशी होती की पोरंसुद्धा गप्प झाली. तो आत नाहीसा झाला, आणि इतका वेळ नाहीसा राहिला की गुरुराजने श्वास धरला. मग तो फेसातून बाहेर पडला, उभाच. गुरुराजचे डोळे भरून आले. ते कौतुकाने की रागाने, हे त्याला सांगता आलं नसतं. हे सगळं मला हवं होतं, एवढंच त्याला कळत होतं.

पाणी उतरायला लागलं. देवेश बोर्डवर पालथा पडून हात मारत खाचेकडे निघाला.

दोन्ही हात वर केले की दक्षिणेला जा, ही त्यांची ठरलेली खूण होती. गुरुराजने हात वर केले नाहीत. एक लाट गेली. देवेश जवळ आला. दुसरी लाट गेली. थोडासा खरचटू दे, असं त्याच्या मनात आलं. स्पष्ट, शब्दांत आलं. थोडासा घाबरू दे. तिसऱ्या लाटेला खाचेतलं पाणी मागे ओढलं गेलं आणि आतले दगड उघडे पडले, तेव्हा त्याने हात वर केले आणि ओरडला. देवेशने मान वर केली. पण तो खाचेत शिरला होता, आणि मागून लाट उठली होती.

गुरुराजने चष्मा फेकला आणि धावला. लाटेने देवेशला दगडावर टाकलं, ओढलं आणि पुन्हा टाकलं. बोर्डाचे दोन तुकडे झाले. गुरुराज कमरेपर्यंत पाण्यात गेला, पडला, उठला, त्याच्या हाताला पायाची दोरी लागली. ती धरून त्याने ओढलं. पुढच्या लाटेने दोघांना वाळूवर फेकलं. देवेशच्या नडगीवरची कातडी सोलून निघाली होती, आणि डावा हात मनगटाशी भलताच वळला होता.

"हात वर केलेत ते उशिरा पाहिले मी," देवेश दात आवळून म्हणाला. "सॉरी अण्णा."

रस्त्यावरच्या एका छोट्या हॉस्पिटलात अकरा टाके पडले आणि हाताला प्लॅस्टर बसलं. देवेशने तिथूनच आईला फोन केला आणि सांगितलं, "अण्णांनी वाचवलं." कंपनीतल्या मित्रांनाही तेच सांगितलं. गुरुराज शेजारी बाकावर बसून होता. जो येई तो त्याचा हात हातात घेई.

दोन दिवसांनी मोडक्या बोर्डाचे तुकडे आणायला तो मुनुसामीकडे गेला. म्हातारा ओसरीत जाळ्याची गाठ चाचपत बसला होता.

"मंगळवारी तू आला होतास," तो म्हणाला. "तुझ्या गाडीचा आवाज मला कळतो. खडकावर गेलास. ओहोटी होती."

गुरुराजने बोर्डाचे तुकडे उचलून काखेत घेतले.

"मला दिसत नाही, म्हणून मी त्याला सांगितलं नाही. तुला दिसतं."

"तू मला फोन करायचा सोडलास," गुरुराज म्हणाला. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा आवाज त्याला स्वतःलाच रुसलेल्या पोराचा वाटला.

म्हाताऱ्याने कनवटीचा फोन काढून त्याच्यापुढे धरला. "आकडे दिसत नाहीत आता. त्याने बटण बसवून दिलंय. एक दाबलं की त्याला लागतो. तो तुला सांगतोच, मग तुला वेगळा कशाला करू?"

परतताना गुरुराजने ईसीआरच्या कडेला गाडी थांबवली. फोनचं कारण इतकं क्षुल्लक होतं. पण त्याने आग विझली नाही. सुळक्यामागची लाट काही बटणाने घेतलेली नव्हती. तो पोरगा खरोखरच त्याच्याहून चांगला होता, आणि ते कोणत्याही कारणाने खोटं ठरणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो देवेशच्या खोलीवर गेला. देवेश एका हाताने चहा गाळत होता.

"बैस. मी सांगतों तें ऐक," गुरुराज म्हणाला, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मंगळवार, बुजलेली वाट, दगड. वर न केलेले हात. खरचटू दे असं मनात आलं होतं, तेही.

देवेशने गाळणी खाली ठेवली. "कशासाठी पण?"

"तुझी लाट बघवेना मला."

"तुम्हीच आणलंत ना मला तिथे?"

"होय."

"मी मेलो असतो, अण्णा."

"होय."

देवेशने गॅस बंद केला. मग म्हणाला, "तुम्ही जा आता." त्याने आवाज चढवला नाही. गुरुराज जिना उतरला. महिनाअखेरीला देवेशने खोली सोडली आणि श्रीपेरुंबुदूरला कंपनीजवळ राहायला गेला.

तीन रविवार तो जेवायला आला नाही तेव्हा विद्यालक्ष्मीने विचारलं. गुरुराजने तिलाही सांगितलं. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डबा भरला, दोन बस बदलून श्रीपेरुंबुदूरला गेली आणि दुपारी परत आली.

"कसा आहे?" गुरुराजने विचारलं.

"बोटें हलवतो आहे. जेवला. दोनदां भात घेतला."

"माझें काहीं विचारलें?"

"नाहीं," विद्यालक्ष्मी म्हणाली. "आणि मीही काहीं सांगितलें नाहीं. मी आतां दर पंधरवड्याला जाणार आहें. तुम्ही विचारूं नका."

तिने पायातल्या चपला काढल्या आणि आत गेली. ती त्याच्याकडे जाऊ शकते आणि आपण नाही, ह्या विचाराने गुरुराजला पुन्हा तेच टोचलं. आता बायकोचाही हेवा. तो स्वतःशी हसला, पण त्यात हसू नव्हतं.

करुंपारैवर जाणं त्याने सोडलं नाही. दर शनिवारी ओहोटीला तो वाटेत उतरायचा, काठीने खोली बघायचा आणि जे असेल ते देवेशला लिहून पाठवायचा. गुडघाभर. मांडीभर. एक दगड हलला. उत्तर कधी आलं नाही, आणि त्याने त्याची अपेक्षाही धरली नाही.

जानेवारीच्या शेवटी मोसमातल्या शेवटच्या लाटा आल्या. गुरुराज उजाडताना पोचला तर खाचेत कोणीतरी आधीच उभं होतं, छातीइतक्या पाण्यात, हातात बांबू. देवेश. त्याने मान वर करून पाहिलं.

"तुमचे मेसेज वाचतो," तो म्हणाला. "पण आता स्वतः बघूनच उतरणार."

"बरोबर आहे."

"पाणी पुरेसं आहे."

"होय. दुसरा दगडही गेला."

एवढंच बोलणं झालं. दोघं वेगवेगळे खडकावरून गेले, वेगवेगळी उडी मारली. गुरुराज नेहमीच्या जागी थांबला, देवेश सुळक्यामागे गेला. प्लॅस्टर काढून चारच आठवडे झाले होते, तरी त्याने दुसऱ्याच लाटेला ते वळण घेतलं आणि गुरुराजच्या डोळ्यांसमोरून, हातभर अंतरावरून, निघून गेला. गुरुराजच्या छातीत जाळ उठला. दोन महिन्यांच्या पश्चात्तापाने तो तसूभरही कमी झालेला नव्हता.

देवेश लाट संपवून परत आला आणि समुद्राकडे पाठ करून बोर्डवर बसला, दुखऱ्या मनगटाकडे लक्ष. गुरुराजने क्षितिजावर काळी रेघ जाड होताना पाहिली.

"देवेश," त्याने जोरात हाक मारली, "मागें मोठी येत्ये. खोलांत जा, खोलांत."

देवेशने मागे वळून पाहिलं, बोर्ड फिरवला आणि लाटेच्या माथ्यावरून पलीकडे गेला. पाठोपाठ गुरुराजही गेला. पलीकडच्या सपाट पाण्यावर दोघं बोर्डांवर बसून राहिले, मध्ये बरंच अंतर ठेवून, पुढच्या लाटेकडे बघत.